शोधाच्या नावाखाली दलाली!

कचेरीतला कारकून विंडोजच्या शोधखिडकीत ‘बदली अर्ज’ असे टंकतो. अर्ज त्यानेच लिहिलेला, डी ड्राइव्हवर त्यानेच ठेवलेला. खिडकी त्याच्यापुढे काय टाकते? मायक्रोसॉफ्टच्याच बिंग या शोधयंत्रावरचे नमुने आणि कुठकुठल्या संकेतस्थळांचे पत्ते! अर्ज बेपत्ता. यंत्र त्याचे, फाइल त्याची. मग त्याला बाजारात पिटाळण्याचा मक्ता मायक्रोसॉफ्टला कोणी दिला?

आपल्याकडे शहाणा माणूस महत्त्वाचे सारे डी ड्राइव्हवर ठेवतो, कारण विंडोज बिघडले की दुरुस्तीवाला सी ड्राइव्ह फॉरमॅट करून मोकळा होतो. विंडोजची शोधसूची मात्र मुळात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, डेस्कटॉप एवढ्यांचीच दखल घेते. सारे यंत्र धुंडाळायचे तर सेटिंग्जच्या पोटात शिरून ‘एन्हान्स्ड’ हा पर्याय हुडकायचा. म्हणजे शोध चालावा म्हणून आधी शोधाशोध! फोल्डर उघडून शोधावे, तर वरची हिरवी पट्टी रखडत सरकते. चहा येतो, चहा संपतो, पट्टी तिथेच.

हे काम अवघड आहे, अशी थाप कोणी मारू नये. एव्हरीथिंग नावाची फुकटची, चिमुकली प्रणाली फायलीच्या नावाची दोन अक्षरे टंकताच ती फाइल पुढे ठेवते. दहा लाख फायलींची सूची करायला तिला सुमारे एक मिनिट लागते, असे तिचे कर्ते सांगतात. तिची जादू कसली? डिस्कवरच्या सगळ्या फायलींची नोंदवही, मास्टर फाइल टेबल, ती थेट वाचते. आणि ही नोंदवही घडवली कोणी? मायक्रोसॉफ्टनेच! फायलीच्या आतला मजकूर शोधणे जड काम आहे, हे आम्हाला मान्य. पण नुसते नाव?

५ फेब्रुवारी २०२० रोजी तर अब्रूच गेली. सर्व्हरकडे बिघाड झाला आणि विंडोज १० ची शोधखिडकी जगभर कोरी पडली. स्वतःच्या डिस्कवरची फाइल सापडेना, कारण खिडकी बिंगला बांधलेली! जाणत्यांनी विंडोजच्या रजिस्ट्रीत हात घालून बिंग तोडले, तेव्हा शोध चालू झाला. एवढे होऊनही गाठ सुटली नाही. कशी सुटेल? त्या खिडकीतला बिंगचा दुवा मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरमध्ये उघडतो. तुम्ही फायरफॉक्स निवडा नाहीतर क्रोम. गिऱ्हाईक वळवायची जागा कोण सोडतो?

मराठी माणसाची कोंडी तर दुहेरी. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्याचा’, ‘पाण्यात’ सापडत नाही, आणि युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेली कागदपत्रे यंत्राच्या लेखी रोमन अक्षरांचा कचरा. हे सुधारायला माणसे लावावी लागतात, पैसा ओतावा लागतो. शोधपेटीत रोजची चित्रे आणि बातम्या झळकवायला मात्र माणसे मिळतात!

युरोपने विनवण्या केल्या नाहीत. डिजिटल मार्केट्स ॲक्टचा बडगा उगारला आणि मार्च २०२४ पर्यंत तिथल्या विंडोजमधून बिंगचा शोध काढून टाकण्याची सोय झाली. म्हणजे कळ होती. ती दाबायला कायदा लागला. त्याच मार्चमध्ये आपल्याकडेही डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांपुढे आला होता. त्याचे पुढे काय झाले, हे आपल्या खासदाराला विचारा. आणि विचाराल तेव्हा एवढे कलम लेखी मागा: माझ्या यंत्रातला शोध माझ्या यंत्रातच राहील, बाहेरचे काही दाखवायचे तर आधी माझी परवानगी घ्यावी लागेल.