मनाईची पाटी पोहायला शिकवत नाही

दोस्तांनो, पावसाळा लागला की पेपरात तीच बातमी. खाणीत बुडून दोन पोरांचा अंत. आणि खाली पांढरपेशा शहाणपण: अतिउत्साह जिवावर बेतला. मी विचारतो, कुणाचा अतिउत्साह? डोंगर फोडून, दगड उपसून खाणवाला गब्बर झाला आणि खड्डा तसाच उघडा टाकून गेला. कुंपण नाही, उतार नाही, नुसता उभा कडा. त्यात पाणी साचलं आणि काठाला आपली वस्ती. त्या खाणवाल्याला कुणी बोल लावत नाही. गुन्हेगार कोण, तर उकाड्याने जीव गेला म्हणून उडी मारणारं चौदा वर्षांचं पोर! पोर मेल्यावर साहेब येतो आणि 'पोहण्यास सक्त मनाई' अशी पाटी ठोकून जातो. झालं कर्तव्य.

आपल्या पोरांना पोहता का येत नाही? गावात पाटलाचं पोर पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलं. आपल्या आज्याला त्या विहिरीची पायरी उतरायची बंदी. १९२३ साली बोल्यांचा ठराव पास होऊन पाणवठे कागदावर खुले झाले. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना महाडला जाऊन चवदार तळ्याचं पाणी प्यावं लागलं. आपल्या माणसांची डोकी फोडली आणि तळं शेणगोमूत्राने शुद्ध केलं. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ज्यांना पिढ्यान्पिढ्या पाण्याला शिवू दिलं नाही, त्यांच्या नातवंडांना पोहता येत नाही म्हणून नाकं कसली मुरडता? आमच्या वस्तीतली पोरं शहरातल्या एका तलावावर चौकशीला गेली, ती फी ऐकूनच परत फिरली. मग खाण आहेच, फुकट.

पाणी सगळ्यांना सारखंच बुडवतं म्हणणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब बघावा. २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. त्यातली दहात नऊ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली.

पण नुसत्या शिव्या घालून पोर तरंगत नाही. बाटली मारून धरणात सूर मारणं ही मर्दानगी नव्हे. मेलेला दोस्त मोर्च्यात येत नाही. म्हणून ऐका. बुडणारा सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याला श्वासच मिळत नसतो, तो गपचूप जातो. त्याच्यामागे उडी टाकू नका. तो मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावरून दोर, ओढणी, बांबू, बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेका. समुद्रात ओढ लागली तर किनाऱ्याकडे झुंजत बसू नका, दमून मराल. उताणे तरंगा, मग किनाऱ्याला धरून आडवे पोहा. अनोळखी पाण्यात मुंडी खाली घालून उडी नको, तळाचा दगड मान मोडतो. धबधब्याचं पाणी वाढलं, गढूळ झालं की त्याच क्षणी बाहेर. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ लोंढा आला आणि एकाच कुटुंबातले पाच जण गेले, त्यात चार पोरं.

बाहेर काढलेल्याला उलटा टांगू नका, पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर नाक धरून तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध जोरात ३० दाब, २ श्वास, परत ३० दाब. थांबायचं नाही. दुसऱ्याने तोवर १०८ फिरवायचा.

हे सगळं शाळेने शिकवायला हवं होतं. शिकवलं नाही, म्हणून मागायचं. प्रत्येक खाणीला कुंपण, प्रत्येक काठाला दोर आणि ट्यूब, पालिकेच्या तलावावर वस्तीतल्या पोरापोरींना फुकट शिकवणी. पोरींना आधी, कारण त्यांना तर खाणसुद्धा बंद.

उन्हाळ्याच्या आत वॉर्ड ऑफिसवर जायचंय. पोहता येतं त्याने दोर घेऊन यावं. येत नाही त्याने नाव लिहून द्यावं.

जय भीम!