झणझणीत रस्सा आणि पोकळ नळी

मोताळा तालुक्यातील आमचे धामणगाव बढे हे गाव सरकारी दप्तरी वऱ्हाडात मोडत असले, तरी स्वयंपाकघराच्या वहिवाटीने पाहू गेल्यास ते वऱ्हाड आणि खानदेश या दोन मुलखांच्या सरहद्दीवर वसलेले आहे. आणि या सरहद्दीवरच्या माणसाला, रस्सा कशाबरोबर खावा हा प्रश्न कधीही गौण वाटलेला नाही. शेवभाजीचा बेत ठरला की घरातली कर्ती बाई पोराला दुकानात धाडताना नुसते 'शेव आण' म्हणून थांबत नाही. 'भाजीची जाड शेव आण, चिवड्याची बारीक नको' असे दोनदा बजावून मगच पैसे हातावर ठेवते. या बजावण्यामागे पिढ्यांचे निरीक्षण आहे. बारीक शेव उकळत्या रश्श्यात पडताच विरघळते आणि रस्सा व शेव या दोहोंचे मिळून एक बेचव पिठले होते. उलट जाड शेव वरून मऊ होते, आतून थोडा कणखरपणा राखते, आणि काळ्या मसाल्याचा तवंग अंगावर घेऊनही आपली बेसनाची चव सोडीत नाही. रश्श्याला आकाराची गरज असते, आणि तीही विशिष्ट आकाराची, हे ज्ञान ज्या मुलखात इतके मुरलेले आहे, त्या मुलखात आता पास्ता येऊन पोहोचला आहे.

पोहोचला आहे याविषयी कोणी शंका घेऊ नये. मलकापूर-बुलढाण्याच्या मोठ्या दुकानांतच नव्हे, तर खेड्यातल्या किराणा दुकानांतही गोडेतेलाच्या डब्यांशेजारी आता शंखाच्या, मळसूत्राच्या आणि नळीच्या आकाराच्या पास्त्याच्या पारदर्शक पिशव्या टांगलेल्या दिसतात. पुण्यास शिकणारी माझी पुतणी सुटीत घरी आली असता तिने अशा तीन निरनिराळ्या पिशव्या माझ्यापुढे मांडल्या आणि विचारले, ''काका, मी टोमॅटोचा चांगला तिखट सॉस करणार आहे. यातलं काय शिजवू?'' प्रश्न विचारताना तिच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य होते ते मला फार आवडले, कारण बहुतेक लोक हा प्रश्न विचारीतच नाहीत. पिशवीवरचे चित्र पाहून ते आकार निवडतात, आणि पदार्थ बिघडला म्हणजे दोष मसाल्याच्या माथी मारतात.

तिखट टोमॅटोचा जो सॉस जगभर मान्यता पावला आहे तो रोम आणि त्याच्या भोवतालच्या लात्सिओ प्रांताचा. आराब्याता हे त्याचे नाव. त्याचा जिन्नस मोजका आहे. ऑलिव्हच्या तेलात लसूण आणि सुकी लाल मिरची मंद आचेवर परतायची, त्यात टोमॅटो घालून तो घट्ट होईपर्यंत शिजवायचा, आणि उतरवताना वर चिरलेली पार्सली पसरायची. कांदा नाही, वाटण नाही, खोबरे तर नाहीच. आमच्या रश्श्याच्या मानाने हे सारे फारच सुटसुटीत वाटेल. परंतु फोडणीत मिरची आणि लसूण यांना तेलाच्या स्वाधीन करण्याची जी पहिली पायरी आहे, ती दोन्हीकडे एकच आहे. मिरची आणि टोमॅटो ही दोन्ही अमेरिका खंडाची अपत्ये. कोलंबसाच्या सफरीनंतरच ती इटलीच्या आणि आमच्या वाट्याला आली, आणि रोमन स्वयंपाकी फ्रान्चेस्को लिओनार्दी याच्या 1790 च्या ग्रंथात पास्त्याला टोमॅटोचा सॉस लावण्याची कृती आढळते. तेव्हा तिखट-आंबटाच्या या परंपरेत इटली आमचा फार मोठा वडीलभाऊ आहे, असे मानण्याचे कारण नाही.

आता मुद्द्याकडे येतो. मिरचीतील दाहक द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते तेलात विरघळते. म्हणून तिखट सॉसचा खरा जोर त्याच्या तेलात साठलेला असतो, आणि जो आकार हे तेल व टोमॅटोचा गर या दोहोंना एकत्र धरून ठेवील तोच या कामी योग्य. त्यातही एक पथ्य आहे. जिभेला तिखट जाणवावे, परंतु त्याच घासात गव्हाचा भरीव सौम्यपणाही लाभावा, यासाठी प्रत्येक घासात पिठाचा वाटा पुरेसा असला पाहिजे. साधा हिशेब मांडून पाहावा. एक मिलिमीटर जाडीच्या तंतूला त्याच्या आकारमानाच्या मानाने जितका पृष्ठभाग असतो, त्याच्या निम्माच दोन मिलिमीटर जाडीच्या तंतूला असतो. म्हणजे तितक्याच वजनाचा बारीक शेवईसारखा पास्ता हा स्पॅगेटीच्या दुप्पट अंगाने सॉस ओढतो. सौम्य, पातळ सॉसाला ही गोष्ट उपकारक आहे. झणझणीत सॉसाला ती घातक ठरते, कारण एकेक तंतू तिखटाने माखून निघतो, पीठ नावापुरते उरते, आणि दोन-तीन मिनिटांत शिजणाऱ्या त्या तंतूंचा पाहता पाहता गोळा होतो. चिवड्याच्या शेवेची आणि भाजीच्या शेवेची तकरार हीच आहे.

म्हणून रोमन लोकांनी आराब्यातासाठी पेन्ने पसंत केले, आणि ती पसंती मला पूर्णपणे न्याय्य वाटते. पेन्ने म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी पोकळ नळी, जिची दोन्ही टोके आमच्या आजोबांच्या पिढीतील बोरूप्रमाणे तिरकी छाटलेली असतात. हा तिरका छेद नुसत्या शोभेचा नव्हे. जेनोवाजवळच्या सान मार्तिनो दाल्बारो येथील जोव्हान्नी बात्तिस्ता कापुर्रो नावाच्या पास्ता-कारागिराने 1865 च्या मार्च महिन्यात, नळी न चेपता ती तिरकी कापणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले; तत्पूर्वी हे काम हाताने, कात्रीने होत असे, आणि त्यात नळीचे तोंड दबून जाई. छेद 45 अंशांचा धरला, तर त्या तोंडाचे क्षेत्रफळ सरळ कापलेल्या नळीच्या सुमारे 1.4 पट भरते. सॉस आत शिरण्याची वाट तितकी रुंद होते. नळीच्या भिंतीची जाडी दाताखाली जाणवते, पोकळीत सॉस साठतो, आणि बाहेरच्या बाजूने उभ्या रेघा असतील तर तेल व गर त्या रेघांत अडकून राहतो. रेघांचे पेन्ने आणि गुळगुळीत पेन्ने असे दोन प्रकार बाजारात मिळतात. तिखट सॉससाठी रेघांचेच घ्यावे, हे मी निःसंदिग्धपणे सांगेन.

आकाराइतकेच महत्त्व पृष्ठभागाला आहे, आणि ही गोष्ट सोऱ्याने शेव पाडणाऱ्या घरात समजावून सांगण्याची गरज पडू नये. पास्ताही साच्याच्या भोकांतूनच दाबून काढतात. साचा कांस्य धातूचा असेल तर बाहेर पडणारी नळी खरखरीत, किंचित पिठाळ दिसते. आतून टेफ्लॉनचा थर दिलेला असेल तर ती चकचकीत आणि निसरडी होते, आणि सॉस तिच्यावरून ओघळून ताटलीच्या तळाशी जमतो. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावच्या पास्त्याला 2013 साली युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले; त्याच्या अटींत कांस्याच्या साच्याचे बंधन आहे. दुसरे बंधन गव्हाचे. 1967 च्या इटालियन कायद्याने तिथल्या सुक्या पास्त्यासाठी ड्युरम गव्हाचाच रवा सक्तीचा केला, कारण या कठीण, पिवळसर गव्हातील प्रथिने उकळत्या पाण्यात दाण्याला विसकटू देत नाहीत. हा गहू आम्हांस परका नाही. आमच्याकडे त्याला बन्सी म्हणतात, शेवया-कुरडयांसाठी जाणत्या बायका तोच मागतात, आणि निफाडच्या गहू संशोधन केंद्राने काढलेला पंचवटी हा वाणही ड्युरम जातीचाच आहे. पिशवी घेताना मैद्याचा पांढरटपणा दिसला तर ती परत ठेवावी.

इतर आकारांविषयी थोडक्यात. शंख सॉसाचा पेला भरून आणतो, तो दाताखाली फुटला की सारे तिखट एकदम घशाशी येते. तो दुधाळ सॉससाठी राखून ठेवावा. फुलपाखराच्या आकाराच्या पास्त्याची चिमटलेली मध्यरेषा जाड राहते आणि पंख पातळ, त्यामुळे पंख गळाले तरी मध्य कच्चाच. मोटारींचा जगद्विख्यात अभिकल्पक जोर्जेत्तो जुजारो याने 1983 साली वोयेल्लो कंपनीसाठी मारिल्ले नावाचा एक वेटोळेदार आकार काढला होता, कागदावर तो अप्रतिम होता. परंतु तो एकसारखा शिजेना, आणि बाजारातून नाहीसा झाला. सॉसमध्ये वांग्याच्या वा मांसाच्या फोडी असतील तर पेन्नेपेक्षा रुंद, सरळ कापलेली रिगातोनी बरी. मळसूत्राचा पास्ता चालेल. नळी मिळत नसेल तेव्हा तोच आणावा.

या निवाड्यावर एक सबळ हरकत येऊ शकते, आणि ती लपवून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. रोमच्या ईशान्येस डोंगरात वसलेले आमात्रिचे हे छोटे गाव, जे 24 ऑगस्ट 2016 च्या भूकंपात जवळजवळ उद्ध्वस्त झाले, त्याच गावच्या नावाने टोमॅटोचा दुसरा एक तिखटसर सॉस प्रसिद्ध आहे. त्यात डुकराच्या गालाचे खारवलेले मांस आणि मेंढीच्या दुधाचे चीज पडते, आणि तेथील लोक तो स्पॅगेटीबरोबरच खावा असा आग्रह धरतात. परंतु तेथे मांसाची चरबी वितळून सॉसाला असा दाटपणा आणते की तो सडपातळ तंतूलाही धरून बसतो. नुसत्या तेल-मिरची-टोमॅटोच्या सॉसाजवळ तो आधार नाही, म्हणून त्याला नळीच हवी. खुद्द रोममध्येही आमात्रिचेच्या सॉसाबरोबर पोकळ बुकातिनी आणि रिगातोनी सर्रास वाढतात, हे येथे नमूद केले पाहिजे.

पुतणीला मी नळीची पिशवी काढून दिली, आणि शिजवण्याची तजवीजही सांगितली. शंभर ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी, त्यात दहा ग्रॅम मीठ. वेष्टनावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी नळ्या उपसून थेट कढईतल्या सॉसमध्ये टाकाव्यात, आणि त्या पाण्याचा एक डाव वर ओतून मोठ्या आचेवर हलवाव्यात. पिठूळ झालेले ते पाणी तेल आणि टोमॅटो यांची सोयरीक जुळवते. नळीही शेवटचा ओलावा पाण्याऐवजी सॉसमधून पिते. शेवभाजीत शेव पान वाढताना घालावयाची, येथे मात्र नळीला रश्श्यात मुरू द्यावयाचे, एवढा भेद लक्षात ठेवला म्हणजे पुरे.

त्या दिवसापासून माझ्या मनात सरगुंड्यांचा विषय घोळतो आहे. उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या ओसरीवर आजही कुठे कुठे बायका सरगुंडे करतात. घट्ट मळलेल्या कणकेची बारीक वळकटी करायची, ती गुळगुळीत काडीवर एकापुढे एक वेढे देत गुंडाळायची, पाटावर हलक्या हाताने फिरवायची, आणि काडी अलगद ओढून घेतली की मागे राहते ती वेढ्यावेढ्यांची पोकळ नळी. ''काडीले कोरडं पीठ लावत जाय, नाही त सरगुंडं सुटत नाही,'' असे माझी मावशी शेजारणीला सांगत असे. सुकवून ठेवलेले हे सरगुंडे उकडून आमरसाबरोबर खाण्याचा शिरस्ता आहे, आणि त्यांच्या पोकळीत आंब्याचा दाट रस कसा भरून राहतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला पेन्नेविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. सिसिलीतील त्रापानी भागात नेमक्या याच रीतीने, काडीवर वा सुईवर पीठ गुंडाळून, बुसियाते करतात, आणि तेथे त्याला टोमॅटो, लसूण आणि बदाम यांचे वाटण लावतात. आमच्याकडे मात्र सरगुंडे गोडाच्या हद्दीबाहेर क्वचितच पडले, आणि गोड खाण्याची हौस ओसरू लागली तसे तेही ओसरीवरून उठू लागले.

मी ते तिखटात घालून पाहिले. साध्या पोळीच्या गव्हाचे केलेले सरगुंडे सॉसमध्ये उकलून गेले. बन्सीच्या रव्याचे, चांगले कडकडीत वाळवलेले, मात्र वेढ्यावेढ्यांत तिखट तेल धरून अखेरपर्यंत शाबूत राहिले, आणि त्यांच्या आतली चव मला कोणत्याही आयात पिशवीपेक्षा सरस वाटली. करू इच्छिणाऱ्यांस दोनच सूचना. आमरसासाठी वापरता त्याहून थोडी जाड काडी घ्यावी, कारण बारीक पोकळीच्या तोंडाशीच टोमॅटोची साल आणि बी अडकते. आणि टोमॅटो आधी उकळत्या पाण्यातून काढून, सोलून, गाळून घ्यावेत.