ऐतिहासिक कादंबरीचे श्रवण: रायपूरच्या मराठी वाचकाचा प्रश्न

कादंबरी कानाने ऐकणे म्हणजे ती वाचणे नव्हे, असे मत विद्यापीठीय वर्तुळात अजूनही ठामपणे मांडले जाते. श्राव्य पुस्तक ही प्रवासात किंवा स्वयंपाकघरात वेळ घालविण्याची सोय आहे, साहित्याच्या अभ्यासाशी तिचा संबंध नाही, अशी त्यामागची धारणा असते. २०१७ मध्ये स्टोरीटेल ही सेवा भारतात मराठीसह सुरू झाली. तेव्हापासून मराठी कादंबऱ्यांची श्राव्य रूपे झपाट्याने वाढली आणि त्यांत ऐतिहासिक कादंबरीला मोठी मागणी राहिली. पुण्यात बसून या घटनेकडे दुर्लक्ष करता येईल, रायपुरात ते शक्य नाही.

रायपूरचे मराठीपण जुने आहे. थोरले बाजीराव १७४० मध्ये निवर्तले आणि पुढल्याच वर्षी नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली रतनपुरावर चालून आले. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला आणि त्या कारभारात मराठी भाषा व मोडी लिपी रुजली. पुढे याच भूमीत माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. मराठीभाषक मुक्तिबोधांनी आपली अखेरची वर्षे जवळच्या राजनांदगावात हिंदी कविता लिहीत घालविली. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून कार्यरत आहे. परंतु येथील मराठी घरांतील आजची पिढी हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली आहे. तिला मराठी समजते, घरात बोलताही येते, मात्र चारशे पानांची कादंबरी तिच्या हातून पुरी होत नाही.

येथे एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असल्यामुळे रायपूरच्या वाचकाला मराठी वाचण्यात अडचण नसावी, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः अडचण या समान लिपीतूनच निर्माण होते. ‘माझा’ आणि ‘माझी’ या दोन शब्दांतील ‘झ’ मराठीत एकसारखा उच्चारला जात नाही. पहिला दंत्य, दुसरा तालव्य. लिपी हा भेद दाखवीत नाही आणि हिंदीत घडलेला डोळा दोन्ही ‘झ’ तालव्यच वाचतो. ‘चाकर’, ‘जरीपटका’ हे ऐतिहासिक कादंबरीतील नित्याचे शब्द त्याच्या मनात परक्या ध्वनीने उमटतात. उच्चारापुरतीच गोष्ट असती तर ती किरकोळ मानता आली असती. पेशवाईवरील कादंबऱ्यांतील पत्नी पतीला ‘इकडून येणं केव्हा झालं?’ असे विचारते. हिंदीच्या सवयीने वाचणाऱ्याला ‘इकडून’ हा केवळ दिशावाचक शब्द वाटतो. नाव न घेता, समोरच्याकडे न पाहता व्यक्त केलेली जवळीक त्याच्या लक्षात येत नाही. ऐतिहासिक प्रणयकथेचा शृंगार अशा व्याकरणातच वसलेला असतो. जाणत्या वाचकाच्या आवाजात तेच वाक्य ऐकले की त्यातला संकोच आणि अधिकार दोन्ही एकदम उमगतात. छापील पान जे देऊ शकत नाही ते येथे कान देतो.

शिवाय या प्रकाराला श्रवण परके नाही. ‘मोचनगड’ ही गुंजीकरांची कादंबरी १८७१ मध्ये आली. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ने १८९० पासून कादंबरी क्रमशः घरोघर पोहोचविली. एकाने वाचावे आणि घरातील मंडळींनी, विशेषतः अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनी, ऐकावे ही त्या काळची सर्वपरिचित रीत होती. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा पहिला वाचकवर्ग बऱ्याच अंशी श्रोतृवर्ग होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

तथापि दोन श्रवणांतील अंतर विसरता येत नाही. घरातला वाचक मध्येच थांबविता येत असे, त्याला प्रश्न विचारता येत असे. ध्वनिमुद्रित आवाजाला कुणी अडवीत नाही. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ ही बाजीराव-मस्तानीवरील १९७२ ची कादंबरी उदाहरणादाखल घेता येईल. मस्तानीविषयी समकालीन कागदपत्रांत फार थोडे सापडते. तिचे मन ही कादंबरीकाराची निर्मिती आहे. मुद्रित प्रतीत वाचक एखाद्या वाक्यापाशी थबकून हा इतिहास की कल्पना, असा प्रश्न स्वतःला करू शकतो. गंभीर आवाज आणि पार्श्वसंगीत यांच्या ओघात तो प्रश्न वाहून जातो. २०१५ मध्ये याच कादंबरीवर आधारलेला हिंदी चित्रपट आला. तो आधीच पाहिलेल्या रायपूरच्या तरुणाला तर ऐकलेले सारे ‘घडलेले’च वाटते. आणि ज्या भूमीत मराठे लेखक म्हणून नव्हे, तर प्रथम राज्यकर्ते म्हणून आले, तेथे इतिहासाचे हे एकमुखी कथन अधिकच जपून ऐकले पाहिजे.

यावरचा तोडगा छत्तीसगडच्याच परंपरेत आहे. पंडवानीत कथा सांगणाऱ्या गायकासमोर रागी असतो. तो हुंकार भरतो, मध्येच प्रश्न विचारतो, कधी थट्टाही करतो. तीजनबाईंच्या सादरीकरणात हा रागी कथेचा अविभाज्य घटक आहे, कारण कथा एकट्याने सांगून पुरी होत नाही. कानाला यंत्र लावून एकट्याने ऐकली जाणारी कादंबरी रागीवाचून उरते. तिला रागी मिळवून देणे हे अभ्यासकांचे आणि मराठी संस्थांचे काम आहे.

त्यासाठी श्राव्य पुस्तकाकडे अनुवादाकडे पाहावे तसे पाहिले पाहिजे. अनुवादकाचे नाव आपण विचारतो, मूळ आवृत्ती विचारतो, काय गाळले ते तपासतो. हीच चौकशी येथेही झाली पाहिजे. वाचन कोणी केले, संहिता संपूर्ण की संक्षिप्त, लेखकाची प्रस्तावना वाचली की वगळली, हे श्रोत्याला कळले पाहिजे. परीक्षणांत आवाजाच्या निवडीची चर्चा झाली पाहिजे. आणि रायपूरसारख्या ठिकाणी पुस्तक हातात घेऊन, दहा जणांनी एकत्र बसून, थांबत थांबत ऐकण्याचा परिपाठ सुरू झाला पाहिजे. ऐकण्याने भाषा परत येते, थांबून विचारण्याने इतिहास शाबूत राहतो. महाराष्ट्राबाहेरील मराठीला या दोहोंपैकी एकही गोष्ट सोडून देणे परवडणारे नाही.