शाळेच्या निर्लेखनाआधी

आमच्या इंदुरीत पाहुणा आला की त्याला आधी इंद्रायणीकाठचा किल्ला दाखवतात. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांनी तो बांधला. दाखवायलाच हवा. पण जुनी शाळा दाखवायला कोणी नेत नाही. वारसा म्हणजे तट, बुरूज आणि देवळं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

जवळच्या तळेगावात प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं. मातृभाषेतून शिक्षण आणि हाताला उद्योग, हे त्याचं धोरण. ही शाळा मूळची तळेगावची नव्हे. कोल्हापुरात सुरू झाली आणि तळेगावात येऊन स्थिरावली. 1910 साली इंग्रज सरकारने ती बंद पाडली. पोरांच्या शाळेची सत्तेला धास्ती वाटावी, ही गोष्ट किल्ल्याच्या लढाईपेक्षा लहान नव्हे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत मुख्याध्यापक होतो. इमारत धोकादायक ठरली की निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव जातो, कौलं-वासे लिलावात निघतात आणि पत्र्याची खोली उभी राहते. त्याच शाळेच्या कपाटात मुलांच्या प्रवेशाचं, जातीच्या नोंदीसह, जनरल रजिस्टर असतं. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा सगळ्यांना हीच रजिस्टरं आठवली. त्यातला ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना वाचा: कुणी ऊसतोडीला गेलं, कुणाच्या बापाला दुसरीकडे काम लागलं. आज तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांमुळे मराठवाड्यातली, बिहारमधली पोरं आपल्या वर्गात बसतात. या भागात कोण कुठून आलं, हे उद्या याच पानांवरून कळणार आहे.

अमेरिकेत परदेशातून आलेल्या शेतकऱ्यांनी उभारलेल्या एकखोली शाळाही राष्ट्रीय वारसा यादीत आहेत. आपल्याकडे 1848 साली फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली तो पुण्यातला भिडे वाडा इतका मोडकळीस येऊ दिला, की 2023 मध्ये स्मारकासाठी तो पाडावाच लागला.

प्रत्येक जुनी भिंत राखा, असं मी म्हणत नाही. पोरांच्या डोक्यावर छत पडता कामा नये. पण निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत इमारतीचे फोटो, मोजमाप आणि बांधणीचा इतिहास जोडणं सक्तीचं करा. जनरल रजिस्टर स्कॅन करा. डागडुजीने टिकेल ती इमारत तालुक्याच्या वारसा यादीत घाला. येत्या ग्रामसभेत एवढा ठराव मांडायला पैसा लागत नाही. हात वर करणारी माणसं लागतात.