रुपयाची घसरण आणि सूरजागडचा डोंगर

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरची हुंडणावळ ९० रुपयांच्या पार गेली. असे झाले की एक जुने आश्वासन हटकून कानी पडते : रुपया स्वस्त झाला, आता आपला माल परदेशी स्वस्त पडेल, निर्यात फोफावेल आणि व्यापारतोल आपोआप सावरेल. यात मुळीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. त्यातील ‘आपोआप’ हा शब्द मात्र आम्हांस मान्य नाही.

६ जून १९६६ रोजी सरकारने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेला तो याच भरवशावर. प्रत्यक्षात लागोपाठच्या अवर्षणाने विकण्याजोगा मालच आखडला, ताग व चहा यांवर त्याच वेळी निर्यातकर बसला, आणि १९६६-६७ मध्ये डॉलरांतील निर्यात वाढण्याऐवजी घटली. आयातीला अशी उसंत नसते. खनिज तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आपण आजही बाहेरून भागवतो. रुपया उतरला म्हणून मालमोटारी उभ्या राहत नाहीत.

हा विषय केवळ दलाल स्ट्रीटचा नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. माडिया-गोंडांच्या ठाकूरदेवाचे ते स्थान. जानेवारीत तेथे यात्रा भरते. याच डोंगरावर २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला. उत्खनन सुरू झाले त्या २०१६ सालच्या डिसेंबरात माओवाद्यांनी तेथील पाऊणशेच्या वर वाहने जाळली. पुढे २०२३ मध्ये वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत वाढवण्यात आली.

आता लोहखनिजाचा भाव जगात डॉलरांतच ठरतो. म्हणून रुपया घसरल्याने ते परक्या गिऱ्हाइकाला तसूभरही स्वस्त होत नाही. विकणाऱ्याच्या पदरी तेवढे अधिक रुपये पडतात. देशाच्या गंगाजळीत एक डॉलर जास्त यावयाचा तर डोंगर अधिक वेगाने खणला पाहिजे, दुसरा मार्ग नाही! त्यातही ५८ टक्क्यांहून अधिक लोह असलेल्या कच्च्या खनिजावर ३० टक्के निर्यातकर आहे. हा कर आम्हांस योग्यच वाटतो. माती विकून हिशेब जुळवण्यापेक्षा ती घडवून विकणे केव्हाही बरे, आणि कोनसरीस २०२५ मध्ये सुरू झालेल्या पेलेट कारखान्याकडे आम्ही त्याच दृष्टीने पाहतो. मात्र झोतभट्टीतील पोलादापर्यंत पोहोचावयाचे तर कोकचा कोळसा लागतो. तो बहुतांशी ऑस्ट्रेलियादी देशांतून, डॉलर मोजूनच, आणावा लागतो. रुपयाच्या घसरणीने एका हाताने दिलेले ती दुसऱ्या हाताने येथे काढून घेते.

देशातील खनिजाचा भावही जागतिक भावाच्या छायेतच चालतो. तेव्हा हुंडणावळ चढली की खाणधारकाचा गल्ला वाढतो. त्यातील किती भाग डोंगराच्या पायथ्याशी थांबतो? नागपूरचा भारतीय खाण ब्यूरो सरासरी विक्रीमूल्य जाहीर करतो. त्यावर १५ टक्के स्वामित्वधन राज्याला मिळते आणि, पट्टा २०१५ पूर्वीचा असल्याने, स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला. म्हणजे शंभर रुपयांच्या खनिजामागे जिल्ह्याच्या वाट्याला साडेचार रुपये. खनिजाच्या अवजड गाड्यांनी उखडलेले आलापल्लीकडचे रस्ते, धुळीने माखलेली शेते आणि दवाखान्यासाठी तुडवावे लागणारे अंतर, या साऱ्यांची भरपाई मुख्यतः याच साडेचार रुपयांतून व्हावयाची आहे. डॉलर चढताना ही रक्कम किती वाढली आणि कोणत्या गावी खर्च झाली, याचा हिशेब राज्य शासनाने दर तिमाहीस एटापल्लीच्या ग्रामसभांपुढे माडिया भाषेत वाचून दाखवावा, अशी आमची मागणी आहे.