जुन्या ट्रॅक्टरला पार्ट मिळेनात. सवलत नव्याला, भुर्दंड जुन्याला

ऊसतोड सुरू झाली की जुने ट्रॅक्टर रस्त्यावर येतात आणि फिटरच्या दारात रांग लागते. वर्षभर नांगरटीला चाललेलं इंजिन नेमकं भरल्या ट्रॉलीखाली धूर ओकायला लागतं. फिटर म्हणतो, हाफ इंजिनचं काम निघालं. तालुक्याच्या दुकानात उत्तर ठरलेलं, "या मॉडेलचा माल आता येत नाही." मग पुण्याची नाना पेठ गाठायची. तिथंही नाही मिळालं तर दिल्लीच्या काश्मिरी गेटहून पार्सल मागवायचं. तोवर ट्रॅक्टर उभा आणि टोळीची उचल डोक्यावर.

माल येत नाही हे सरसकट खरं नाही. कंपनी विकली गेली म्हणून पार्ट संपत नाहीत. आयशरचे ट्रॅक्टर २००५ मध्ये टॅफेकडे गेले, स्वराज २००७ मध्ये महिंद्राकडे गेला, तरी दोन्हींचा माल चालू आहे. फोर्ड ३६०० एस्कॉर्ट्स बनवायची. पुढे त्याच घरातून फार्मट्रॅक निघाला, म्हणून जाणता फिटर फोर्डसाठी आधी फार्मट्रॅकच्या दुकानात विचारतो.

खरा वांधा एचएमटीवाल्यांचा आहे. चेक झेटर कंपनीच्या मदतीनं हरियाणातल्या पिंजोरला १९७१ मध्ये हा सरकारी ट्रॅक्टर सुरू झाला. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तो विभाग बंद करायला मंजुरी दिली. त्याला वारस कोणी उरला नाही. २५११, ५९११ अजून शिवारात चालतात, पण छोट्या कारखानदारांच्या मालावर. त्यात चांगला माल असतो, तसाच एका हंगामात झिजणारा लायनरही असतो. डब्यावर नाव काय छापलंय यावरून काही कळत नाही. पक्कं बिल मागितलं की दुकानदार किती खात्रीनं देतोय ते कळतं.

बरेच पार्ट असे आहेत की त्यांना मॉडेलची गरजच नसते. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ असेल तर शेवटच्या ०५ ला पाचनं गुणायचं, म्हणजे आतला शाफ्ट २५ मिलिमीटरचा. ६३०८ असेल तर ४० चा. हा नंबर सांगितला की कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात माल मिळतो, ट्रॅक्टरचं नाव कोणी विचारत नाही. ऑइल सीलला आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी एवढी तीन मापं पुरतात. नोजलवरही नंबर असतो. डिझेल पंप बहुतेक जुन्या ट्रॅक्टरला मायकोचा. ती कंपनी २००८ पासून बॉश या नावानं चालते, आपल्याकडं लोक अजून मायकोच म्हणतात. म्हणून जुना पार्ट भंगारात टाकायच्या आधी त्याचा आणि इंजिनाच्या नंबर प्लेटचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा. पिस्टनचं तसं नाही. इंजिन आधी बोअर झालं असेल तर कुठल्या साईजला झालं ते माहीत नसताना आणलेला पिस्टन परत न्यावा लागतो.

आता कराचं बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टरचे टायर, गिअरबॉक्स, क्लच असेंब्ली, रेडिएटर, हायड्रॉलिक पंप १८ वरून ५ वर आले. बातमी सगळीकडं गाजली. पण पिस्टन, लायनर, रिंग, व्हॉल्व हे कराच्या यादीत ट्रॅक्टरचे नाहीत, इंजिनाचे भाग आहेत. ते २८ वरून १८ वरच थांबले. बेअरिंगही १८ वर. म्हणजे हाफ इंजिनला दहा हजारांचा माल लागला असं धरलं, तर कर अठराशे रुपये. पाच टक्के असता तर पाचशे लागले असते. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याला सूट मिळाली ते चांगलंच झालं. पण ज्याची ऐपत जुनंच दुरुस्त करून वापरायची आहे, त्याच्याच पार्टवर तिपटीहून जास्त कर का, हे कोणी बोलत नाही. बाजार समितीनं, साखर कारखान्यांनी हा मुद्दा खासदारांकडं न्यायला हरकत नव्हती. ऊस तर याच ट्रॅक्टरनं गव्हाणीत पडतो.

दुसरा विषय दुरुस्तीच्या हक्काचा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली. त्यात मोबाईल, घरगुती उपकरणं, वाहनं यांच्याबरोबर शेती अवजारांचंही नाव होतं. त्याच वर्षी पोर्टलही निघालं. पण वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचा निर्देशांक ठरवायची वेळ आली, तेव्हा २०२५ चा अहवाल मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर आला. मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं पार्ट द्यायचे, हा ट्रॅक्टरवाल्याचा प्रश्न मागंच राहिला.

सध्या भार आहे तो लेथवाल्यावर. बुश तो गनमेटलमधून उतरवून देतो, गिअरचा तुटलेला दात भरून देतो, क्रँक घासून पुढच्या साईजचं बेअरिंग बसवतो. पण अशी कामं करणारे म्हातारे झालेत आणि त्यांची पोरं या धंद्यात यायला तयार नाहीत. आयटीआयचा टर्नर शिकलेला पोरगा एमआयडीसीत सीएनसीवर जातो, तिथं महिन्याला ठरलेला पगार मिळतो.