वेरेशचागिन नक्की कुणाच्या बाजूचा?

वसिली वेरेशचागिनचं 'युद्धाचं दैवतीकरण' हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलंच असेल. उन्हात रखरखलेलं माळरान, मधोमध कवट्यांचा ढीग, वर कावळे. १८७१ चं हे चित्र त्याने भूत, वर्तमान आणि भविष्यातल्या सगळ्या थोर विजेत्यांना अर्पण केलं, आणि तसं चौकटीवर लिहूनही ठेवलं.

आता या माणसाची दुसरी बाजू बघा. हा रशियन चित्रकार १८६७ साली जनरल कॉफमानच्या सैन्याबरोबर तुर्कस्तानात, म्हणजे मध्य आशियात गेला. दुसऱ्या वर्षी समरकंदच्या किल्ल्याला वेढा पडला, तेव्हा हा स्वतः बंदूक घेऊन लढला. त्याबद्दल सेंट जॉर्ज क्रॉस मिळाला, तो त्याने घेतलाही. मग प्रश्न पडतोच, की परमुलूख जिंकायला निघालेल्या सैन्यात राहायचं, पदक घ्यायचं आणि नंतर कवट्यांचे ढीग रंगवायचे, हा ढोंगीपणा नाही का?

मला तसं वाटत नाही. कवट्यांचं चित्र काढणं एकवेळ सोपं आहे. त्या कवट्या तैमूरच्या काळच्या आहेत, असं म्हणून कुणीही मोकळा होऊ शकतो. खरी अडचण येते ती मेलेला माणूस 'आपला' असतो तेव्हा.

१८७४ साली सेंट पीटर्सबर्गला त्याचं प्रदर्शन भरलं. त्यात 'विसरलेला' नावाचं एक चित्र होतं. एक रशियन शिपाई माळावर मरून पडलाय, सोबती निघून गेलेत आणि पक्षी जमलेत, बस्स. कॉफमान संतापला. आपलं सैन्य आपल्या मृतांना असं टाकून जात नाही, हे त्याचं म्हणणं. वेरेशचागिनने हे आणि आणखी दोन चित्रं प्रदर्शनातून काढली आणि जाळून टाकली. हे त्याने करायला नको होतं असं मला आजही वाटतं. पण एका गोष्टीची नोंद घ्यायला हवी. कवट्यांच्या ढिगावरून एवढं वादळ झालं नाही, ते झालं एका शिपायावरून.

पुढे १८७७ चं रशिया-तुर्कस्तान युद्ध आलं. हा तिथेही हजर. डॅन्यूब नदीवर एका लहान टॉर्पेडो बोटीतून हल्ल्याला गेला आणि जखमी झाला. प्लेव्हनाच्या लढाईत त्याचा भाऊ सेर्गेई मारला गेला. त्या लढाईचं एक चित्र त्याने काढलंय. लढाई लांब कुठेतरी धुरात चाललीय, आणि अलीकडे टेकडीवर झार खुर्ची टाकून बसलाय. शेरा नाही की शिवी नाही, नुसती खुर्ची आणि धूर. भाऊ गमावलेल्या माणसाचा हा संयम मला फार मोठा वाटतो.

आपल्याशी थेट नातं आहे ते तोफांच्या चित्राचं. तो दोनदा हिंदुस्थानात येऊन गेला होता. १८८४ च्या सुमाराला त्याने तोफांच्या तोंडी बांधलेले हिंदी लोक रंगवले. ही शिक्षा फक्त १८५७ ची, आता तसं काही होत नाही, अशी इंग्रजांची तक्रार. पण १८७२ साली पंजाबात मालेरकोटल्याला साठहून जास्त कुका शीख तोफेने उडवले गेले होते. आणि मुंबईत ऑक्टोबर १८५७ मध्ये दोन शिपायांना अशीच शिक्षा झाली, ती आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात. मराठीत 'तोफेच्या तोंडी देणे' हे आपण ऑफिसातल्या कटकटीबद्दलही सहज बोलून जातो. त्यामागे खरी तोफ आणि खरा माणूस आहे हे लक्षात राहत नाही.

हे चित्र आपल्याकडे आवडतं, कारण त्यात दोषी इंग्रज आहेत. पण त्याची जोडचित्रं विसरू नका. देहदंडावरची ती तीन चित्रं होती: रोमनांनी क्रुसावर चढवलेली माणसं, इंग्रजांच्या तोफा, आणि तिसरं खुद्द रशियातल्या फाशीचं. परक्याचं पाप दाखवताना त्याने स्वतःच्या घराला सूट दिली नाही.

एप्रिल १९०४ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, रशिया-जपान युद्ध रंगवायला तो पोर्ट आर्थरला गेला. 'पेट्रोपावलोव्स्क' ही युद्धनौका पाणसुरुंगावर आदळली आणि अ‍ॅडमिरल मकारोव्हबरोबर तोही बुडाला.

तर मग कुणाच्या बाजूचा? माझ्या मते, जो मेला त्याच्या. युद्धाचं कुठलंही चित्र, फोटो किंवा सिनेमा समोर आला की मी आता आधी एवढंच बघतो, की यात फक्त शत्रूचीच प्रेतं आहेत की आपलीही आहेत? आणि आपण मारलेल्यांना चेहरा दिलाय का? दोन्हींची उत्तरं नकारार्थी असतील, तर ते चित्र युद्धाचं नाही, विजयाच्या मिरवणुकीचं आहे. मिरवणुका रंगवणाऱ्यांची वाण कधीच नव्हती, आजही नाही. असो.